सातव्या पायरीवरची भिंतीकडची जागा

कोटाच्या डाव्या खिशात पेन आणि उजव्या खिशात पोलादी टेप, यांच्याशिवाय सरकारी वकील घराबाहेर पडलेले बावीस वर्षांत कुणी पाहिले नव्हते. पेन एक वेळ विसरतील, टेप नाही. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे त्यांना पाठीमागं टेपवाले म्हणत, आणि हे त्यांना ठाऊकही होतं. सरकारच्या रस्त्यावर, सरकारच्या पुलावर, सरकारच्या जिन्यावर कुणी पडलं, हातपाय मोडून भरपाईचा दावा घेऊन कोर्टात आलं, की सरकारच्या बाजूनं उभं राहायचं आणि सांगायचं, हा माणूस आमच्यामुळं पडला नाही, आपल्याच धांदरटपणानं पडला. हे त्यांचं काम.

त्यासाठी टेपवाले आधी जागेवर जात. गटाराचं झाकण असो की बसथांब्याचा चौथरा, उकिडवे बसून माप घेत. मग पडलेला माणूस जिथून आला तिथून त्याच्यासारखंच चालून बघत. न पडता पलीकडं गेले की टेप खटकन मिटायची आणि ठरलेलं वाक्य बाहेर यायचं, "डोळे उघडे ठेवून चालणारा इथं पडत नाही."

बायको म्हणायची, "मी उद्या न्हाणीघरात घसरले ना, तर हे आधी फरशीचं माप घेतील आणि मग मला उठवतील."

"उठवायच्या आधी बघावंच लागतं. एकदा उठवलं की पुरावा हलतो."

"ऐकलंस?" बायको लेकीला म्हणे. "तीस वर्षं संसार केला. मी पुरावा."

मापं तर झालीच, पण टेपवाल्यांची खरी विद्या होती लंगडण्याची. स्वतः नव्हे, दुसऱ्याचं लंगडणं ओळखायची. खरं दुखणारा पाय कसा पडतो आणि सोंगाचा कसा, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. सोंगाला ताल नसतो, असं त्यांचं म्हणणं. माणूस बोलायला लागला, चिडला, दार उघडायला धावला, की सोंग विसरतो. खरं दुखणं विसरत नाही. "भिंतीपलीकडून चालवा, सांगतो," असं ते म्हणत, आणि सांगतही.

तर या टेपवाल्यांच्या टेबलावर त्या शुक्रवारी शिंपीणबाईंची फाइल आली. बाई एकटीनं शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. दाखला काढायला सरकारी इमारतीत आल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरून उतरताना जिन्याच्या मोकळ्या कडेनं खालच्या वळणावर आदळल्या. उजवं मनगट असं मोडलं की आता त्या हातात कात्री धरवत नव्हती. सोमवारी सुनावणी. टेपवाल्यांनी एका प्रतिज्ञापत्रावर सही करायची होती, की सदर ठिकाणी यापूर्वी कोणतीही दुर्घटना घडल्याचं किंवा धोका असल्याचं शासनास ज्ञात नाही. मजकूर तयारच होता. गेल्या खेपेचा काढायचा, नाव बदलायचं.

हो, गेल्या खेपेचा. कारण तो जिना टेपवाल्यांच्या तोंडपाठ होता. त्यांची स्वतःची खोली त्याच इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावरून वर येताना सातव्या पायरीपाशी कठड्याचे तीन गज नव्हते. त्या जागी कुणीतरी सुतळी बांधलेली. कुणी बांधली कोण जाणे, कागदोपत्री ती सुतळी नव्हती. पण जिना सहा फूट रुंद. गज नसलेली कड सोडून भिंतीकडून चालायला ऐसपैस जागा. टेपवाल्यांचा दरवेळचा मुद्दा हाच असे. भिंतीकडं एवढी जागा असताना वादी मरायला त्या कडेला गेलाच कशाला?

यावर पडलेली माणसं एकच सांगायची, आणि तेच त्यांच्या अंगाशी यायचं.

शिंपीणबाईंच्या जबाबातही ते होतं. त्यांच्या वकिलानं ते वाक्य बारीक अक्षरात, लाज वाटल्यासारखं मध्येच घुसवलं होतं. 'भिंतीला टेकून कुणीतरी बसलं होतं. त्यांना पाय लागू नये म्हणून मी कडेला झाले.'

टेपवाल्यांनी सवयीनं त्याखाली लाल रेघ मारली. कोण बसलं होतं? नाव काय? साक्षीला का आणलं नाही? बाई या तीन प्रश्नांत गार होणार. मागचे सहाही जण झाले होते.

टेप घेऊन ते जिन्यावर गेले. मापं पाठ होती, तरी दर दाव्याला नवी घ्यायची हा त्यांचा शिरस्ता. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरू लागले, तेवढ्यात खालून लेक वर येत होती. दोन महिन्यांपूर्वीच तिला याच इमारतीत नोंदणी शाखेत नोकरी लागली होती. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत रजिस्टरं. पाय दिसत नव्हते तिला स्वतःचे.

"बाबा, थांबा," ती खालूनच म्हणाली. "तुम्ही आत्ता कुणाला वाट दिलीत?"

"कुठं?"

"आत्ता. त्या पायरीवर. भिंतीकडून सरळ येत होतात, मध्येच कडेला झालात. शिवाय 'बसा, बसा' असा हात केलात."

टेपवाल्यांनी मागं वळून पाहिलं. सातवी पायरी रिकामी होती. भिंतीचा रंग मात्र पायरीपासून दीड हातावर गेलेला, डोकं टेकून टेकून जातो तसा.

"काहीतरीच. मी माप घेत होतो."

"टेप तर खिशात आहे." लेक हसली. मग हसू जरा आवरून म्हणाली, "मीही देते हो. मला वाटायचं, आपल्यालाच सवय. सगळेच देतात. आमच्या शाखेत नवीन आलं ना कुणी, की आठ दिवसांत शिकतं. पण विचारलं तर कुणाला माहीत नसतं, कुणासाठी."

बोलता बोलता ती पायरी चढून गेली. सहावीवरून आठवीवर जाताना, छातीशी रजिस्टरं धरून, सुतळीला कोपर घासत, कडेकडेनं. टेपवाल्यांनी तिला धरायला हात पुढं केला, पण ती तोवर वर गेली होती.

त्या दुपारी डबा त्यांनी उघडलाच नाही. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसले. तिथल्या बाई चाळीस वर्षं तिथंच, चष्म्याला दोरी लावलेल्या. फायली वादीच्या नावावरून लावलेल्या असत, जागेवरून कधीच नाही. त्यामुळं एकाच जिन्यावर आठ माणसं पडली हे त्या इमारतीत कुठल्याच कागदाला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एकट्या टेपवाल्यांना, आणि ती मूठ त्यांनीच झाकून ठेवली होती.

"जुन्या सातही काढू?" बाई म्हणाल्या. "कशाला हो साहेब? मढी उकरून काय मिळतं?"

"काढा हो. माझीच आहेत."

बाईंनी धूळ झटकून एकेक पुढ्यात टाकली. टेपवाले फक्त जबाब वाचत गेले. मास्तर होते एक, त्यांचा खुबा मोडलेला. 'एक वृद्ध गृहस्थ बसले होते.' भाजीवालीच्या हाताचा दंड. 'म्हातारा बसला होता भिंतीला, म्हणून मी अंग चोरलं.' पेन्शनवाले आजोबा. 'कुणीतरी पाय लांब करून बसलं होतं. एक पाय.' सहा वेगळी माणसं, सहा वेगळी वर्षं, एकमेकांना न ओळखणारी. प्रत्येक ठिकाणी खाली लाल रेघ. त्यांचीच.

मग सगळ्यात जुनी उघडली. त्यांच्या नोकरीतली पहिली फाइल. तिच्यात बसलेलं कुणी नव्हतं.

टेपवाल्यांनी ती दोनदा वाचली. मग त्यांना आठवलं.

तो कुलूपवाला होता. कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या घासून देणारा, साठीतला. परवान्याला आला होता. जिना उतरताना त्यानं आधाराला कठडा धरला, आणि कठड्याचे तीन गज मुळासकट त्याच्या हातात आले. डावा पाय मांडीपाशी मोडला. दाव्याला तो लंगडत यायचा. टेपवाले तेव्हा तरुण, पहिलीच केस, वरिष्ठांचं लक्ष. कोर्टाच्या व्हरांड्यात कुलूपवाला बाकावर बसलेला पाहून त्यांनी पुढं जाताना मुद्दाम पेन पाडलं. म्हातारा झटकन उठला, चार पावलं पळत आला आणि पेन हातात दिलं. "साहेब, तुमचं."

आत गेल्यावर उलटतपासणीचा पहिलाच प्रश्न. "आत्ता पेन द्यायला पळत आलात, ते कुठल्या पायानं?"

कोर्ट हसलं. दावा तिथंच संपला. व्हरांड्यातली चार पावलं खरं म्हणजे कशी पडली होती, हे टेपवाल्यांना तेव्हाही ऐकू आलं होतं. एक टेकत, एक ओढत. पळतानाही ताल चुकला नव्हता. त्यांच्या विद्येची सुरुवातच त्या पावलांनी झाली होती, फक्त ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेर म्हातारा म्हणाला होता, "पडलेली वस्तू कुणी तशीच ठेवतं का हो?"

दुसऱ्या दिवसापासून तो जिन्यावर येऊन बसू लागला. सातव्या पायरीवर, भिंतीला टेकून, डावा पाय लांब करून. महिनोन् महिने. टेपवाले वरखाली करताना तो काही मागायचा नाही. एवढंच म्हणायचा, "साहेब, एकदा म्हणा, मी खोटं बोलत नव्हतो. म्हणजे उठतो."

टेपवाले पायरीच्या कडेनं निघून जायचे. एके दिवशी तो दिसला नाही. बरं झालं, असं वाटलं होतं.

"यात आणखी एक आहे बघा," रेकॉर्डवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी फाइलीची डावी बाजू उघडली. सरकारी फाइलीला दोन अंगं. उजवीकडं पत्रव्यवहार, तो कोर्टात जातो. डावीकडं आतल्या टिपण्या, त्या जात नाहीत. डाव्या बाजूला, जिथं असायला नको तिथं, इंजिनिअरचं एक पत्र टाचलेलं होतं. 'जिन्याचा कठडा सैल झाला असून तातडीनं दुरुस्त करावा.' तारीख कुलूपवाला पडायच्या सहा महिने आधीची. उजवीकडच्या कागदावर टाचणीची दोन भोकं अजून दिसत होती. पत्र तिथून काढून इकडं कुणी लावलं, हे विचारायची बाईंना गरज नव्हती. त्या चष्मा पुसत बसल्या.

पत्राखाली टेपवाल्यांचंच अक्षर होतं, तरुण, उभं, आत्मविश्वासाचं. 'दावा प्रलंबित असेपर्यंत सदर जागेस हात लावू नये. दुरुस्ती केल्यास धोका मान्य केल्यासारखे होईल.'

आणि त्या जिन्यावर कुठला ना कुठला दावा कायम चालूच होता. एक संपेपर्यंत दुसरा पडायचा. म्हणून बावीस वर्षं तीन गज बसले नव्हते.

"बाई, हे सगळं तुम्हाला माहीत होतं?"

"साहेब, मी कागद लावते. वाचायचे कुणी हे मला कुणी सांगितलेलं नाही." मग जरा थांबून, "पण मी त्या जिन्यानं जात नाही. मागच्या लोखंडी शिडीनं जाते. गुडघे दुखतात, तरी."

शनिवार-रविवार टेपवाले घरात येरझाऱ्या घालत होते. प्रतिज्ञापत्र टेबलावर. सही केली तर आजवरसारखंच. शिंपीणबाई हरणार, त्यांचं अपील चालू राहणार, कठडा तसाच राहणार, आणि लेक रोज रजिस्टरं छातीशी धरून कडेकडेनं जाणार. न करावी तर बावीस वर्षांची पत उन्हात वाळत घालायची. वर पत्र लपवल्याची चौकशी. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"मग कोपऱ्यापाशी दरवेळी वळसा का घालताय? तिथं कुणी नाहीये."

टेपवाले जागच्या जागी थांबले. जेवणघराच्या कोपऱ्यात, भिंतीशी, एका माणसाला पाय लांब करून बसता येईल एवढी जागा सोडून ते दोन दिवस चालत होते. बायकोनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि थट्टा गिळली. "अहो, बसा बरं तुम्ही," ती हळूच म्हणाली. "कुठंही बसा. पण बसा."

सोमवारी न्यायाधीशांनी विचारलं, "शासनाचं प्रतिज्ञापत्र?"

टेपवाले उभे राहिले. समोरच्या बाकावर शिंपीणबाई, उजवा हात डाव्या हातानं मांडीवर ठेवलेला, शिवायला आलेलं कापड ठेवतात तसा. त्यांचा वकील मान खाली घालून लाल रेघेच्या प्रश्नांची वाट बघत होता.

"प्रतिज्ञापत्र नाही," टेपवाले म्हणाले. "हे पत्र आहे. शासनाला बावीस वर्षांपूर्वी कळवलेलं होतं. ते मी फाइलीच्या उजव्या बाजूचं डाव्या बाजूला लावलं होतं. आज परत उजवीकडं लावलं आहे. या जिन्यावर आजवर आठ माणसं पडली, त्यांची यादी सोबत आहे."

कोर्टात कुणी हसलं नाही. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "वकीलसाहेब, आपण कुणाच्या बाजूनं उभे आहात हे लक्षात आहे ना?"

"आहे साहेब. जिना सरकारचाच आहे."

पुढचं व्हायचं तसं झालं. शिंपीणबाईंचा दावा मान्य झाला. टेपवाल्यांना दावे देणं बंद झालं. चौकशी बसली, आणि चौकशी मिटेपर्यंत त्यांना ग्रंथालयाच्या खोलीत जुने कायदे लावायला बसवलं. सहकारी डब्याला त्यांच्या टेबलाशी येईनासे झाले. "उतारवयात सुचलेलं शहाणपण," असं एक जण त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. पण पंधरा दिवसांत जिन्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या आणि तीन नवे गज बसले. सुतळी कुणी सोडली, कोण जाणे.

टेपवाल्यांना वाटलं, संपलं. रोज ते ग्रंथालयाच्या दारातून जिन्याकडं बघत. माणसं आता नव्या कठड्याला हात लावून जात. कुणी पडत नव्हतं. पण सातव्या पायरीवर सगळी अजून कडेलाच होत होती. लेकसुद्धा.

निवृत्तीच्या दिवशी निरोप असा काही नव्हताच. रेकॉर्डवाल्या बाईंनी एक चहा पाजला आणि म्हणाल्या, "आता टेपचं काय करणार?"

"पडद्याची मापं घ्यायला बायको केव्हाची मागते आहे."

पाच वाजता इमारत रिकामी होत असताना ते जिना उतरू लागले. बाहेर लख्ख ऊन होतं, जिन्याच्या खिडकीतून पायऱ्यांवर पट्टे पडले होते. सातव्या पायरीवर आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबले. पाय आपोआप कडेला होत होता, तो त्यांनी मागं घेतला. मग कठड्याला धरून हळूच पायरीवर बसले. भिंतीकडची जागा सोडून.

खालून एक प्लंबर नळजोडणीचा अर्ज दातात धरून वर येत होता. हातात पान्यांची पिशवी. त्यानं अर्ज तोंडातून काढला आणि अदबीनं कडेला झाला.

"बसा, बसा काका. उठू नका. दोघंही बसा निवांत, मी जातो इकडून."

तो निघून गेला. त्याच्या चपला वरच्या मजल्यावर विरल्या. टेपवाल्यांनी मान वळवली नाही. वळवायची हिंमत नव्हती, आणि गरजही नव्हती. त्यांच्या उजव्या बाहीला गारवा लागत होता, आणि जुन्या लोखंडाचा, किल्ल्या घासल्यावर बोटांना येतो तसा वास येत होता.

"तुम्ही खोटं बोलत नव्हता," ते समोरच्या उन्हाच्या पट्ट्याला म्हणाले. मग कोर्टात म्हणावं तसं पुन्हा म्हणाले, "मला तेव्हाच ऐकू आलं होतं. व्हरांड्यातच. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

काही झालं नाही. मग बाहीचा गारवा हळूहळू गेला, शेजारचा माणूस हात टेकून उठतो तसा.

टेपवाले उठले आणि उतरू लागले. दोन पायऱ्या झाल्या आणि त्यांना मागं ऐकू आलं. एक टेकत, एक ओढत. ते थांबले की थांबे. ते निघाले की निघे. पळावंसं मात्र त्यांना वाटलं नाही. त्यांनी पाऊल सावकाश केलं, म्हाताऱ्या माणसाबरोबर उतरताना करतात तसं. दुसरा मजला आला, पहिला गेला. कान आपोआप कामाला लागलेला. वळणावर, जिथं भलेभले सोंग विसरतात, तिथंही ताल चुकला नाही. तळमजल्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत एकदाही नाही.

दारातून टेपवाले बाहेर पडले आणि दार मागं आपटू नये म्हणून, दोन माणसं जातील एवढा वेळ, हातानं उघडं धरून उभे राहिले.